काचेला फिल्म लावण्याआधी दहा मिनिटं द्या
(इंदूरमधल्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

होळी होऊन ऊन तापायला लागलं की दुकानात एकच मागणी सुरू होते: "भाऊ, जरा डार्क मारून द्या, आत बसवत नाही." मागणी खरी आहे. मे महिन्याच्या दुपारी गाडी तासभर राजवाड्याजवळ उभी ठेवली, की परत आल्यावर स्टीअरिंगला हात लावता येत नाही. मागच्या सीटवर लहान मूल किंवा घरातली म्हातारी माणसं असली तर जीव कासावीस होतो. पण डार्क लावून घेतलेली तीच गाडी पुढच्या महिन्यात चौराह्यावर अडवली जाते, चालान होतं आणि फिल्म तिथेच फाडायला लावतात. पैसे दोनदा जातात. वर काचेवर चिकटा राहतो, तो काढायला तिसऱ्यांदा मोजावे लागतात.

आमच्याकडे डार्क फिल्म लावून मिळत नाही. दुप्पट पैसे देऊ केले तरी नाही. त्याऐवजी काय लावतो आणि कोणत्या मापाने, ते इथे सविस्तर लिहिलं आहे.

कायदा काय म्हणतो

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०० हा काचेचा नियम आहे. पुढच्या आणि मागच्या काचेतून निदान ७० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे, बाजूच्या खिडक्यांतून निदान ५० टक्के. गाडी कारखान्यातून निघते तेव्हा हे पाळलेलं असतं. काचेच्या खालच्या कोपऱ्यात आयएसआयची खूण कोरलेली असते, आपल्या गाडीची काच पुसून एकदा बघा.

२७ एप्रिल २०१२ रोजी अविषेक गोएंका यांच्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की काचेवर कोणत्याही टक्केवारीची काळी फिल्म किंवा दुसरी कुठलीही वस्तू चिकटवता येणार नाही. सवलत फक्त झेड आणि झेड प्लस सुरक्षा असलेल्यांना. त्याआधी शहरातल्या इतर दुकानांसारखी आम्हीही काळी फिल्म लावत होतो. निकालानंतर कितीतरी गाड्यांची ती स्वतःच्या हाताने काढली.

पुढे नियम १०० बदलला. १ एप्रिल २०२१ पासून 'सेफ्टी ग्लेझिंग' चालतं, म्हणजे आतल्या बाजूने प्लॅस्टिकचा थर असलेली काच. मात्र त्याला आयएस २५५३ भाग २ हे २०१९ चं मानक लागतं, आणि ७०-५० ची मर्यादा तशीच आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने याच बदलाच्या आधारे म्हटलं, की मर्यादेत बसणारी फिल्म लावल्याबद्दल दंड करता येत नाही. हा निकाल बऱ्याच ग्राहकांच्या मोबाईलवर फिरून आला आहे आणि तो दाखवून "आता सगळं चालतं" असं सांगितलं जातं. तसं नाही. निकाल केरळचा आहे, आणि त्यातही मर्यादा सुटलेली नाही. काळी फिल्म तेव्हाही चालत नव्हती, आजही चालत नाही.

पन्नासची फिल्म म्हणजे पन्नास नव्हे

सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथे. फिल्मच्या डब्यावर '५०' लिहिलेलं असतं. दुकानदार म्हणतो, बाजूच्या काचेला ५० चालते, बसली कायद्यात. पण हा आकडा नुसत्या फिल्मचा असतो. कारखान्याची काचही थोडा उजेड अडवते, तिच्यात हलका हिरवा रंग असतोच. समजा आपल्या खिडकीच्या काचेतून ७६ टक्के उजेड येतो. तिच्यावर ५० ची फिल्म लावली, तर ७६ चे निम्मे म्हणजे ३८ टक्के. गाडी सरळ सरळ नियमाबाहेर. त्याच काचेवर ७० ची फिल्म लावली तर ५३ च्या आसपास येतं, ते बसतं. पुढच्या काचेचं गणित आणखी कठीण. ती ७८ ची असेल तर फिल्म ९० ची लागते, म्हणजे जवळजवळ पारदर्शक.

म्हणून आमच्याकडे काम सुरू होण्याआधी मीटर लावतो. दोन तुकड्यांचं छोटं यंत्र आहे, एक काचेच्या आत, एक बाहेर, मध्ये काच. आकडा तुमच्यासमोर येतो. मग फिल्मचा हातभर तुकडा काचेवर नुसता धरून पुन्हा मोजतो. दोन्ही मिळून आकडा बसला तरच रोल उघडतो. लावून झाल्यावर तिसरं माप घेतो आणि तिन्ही आकडे बिलावर लिहून देतो.

"मग पारदर्शक फिल्म लावून फायदा काय?" हा प्रश्न रोज येतो. उन्हाच्या उष्णतेतला जवळपास निम्मा भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांतून येतो. तो अडवायला काच काळी करावी लागत नाही. चांगली सिरॅमिक फिल्म दिसायला साध्या काचेसारखी असते, पण हाताला फरक कळतो. दुकानात दिवा आणि दोन काचा ठेवल्या आहेत, मागे तळहात धरून बघा. उलट स्वस्तातली रंगवलेली काळी फिल्म अंधार करते, गारवा त्या मानाने थोडाच देते, आणि दोन-तीन उन्हाळ्यांत जांभळी पडते.

एक प्रसंग सांगतो. आमच्याकडे काम करणाऱ्या एका मुलाच्या घरी जुनी गाडी घेतली होती, आधीच्या मालकाने चारही काचांना काळी फिल्म लावलेली. थंडीतली संध्याकाळ, रामबागेतली अरुंद गल्ली, तो गाडी मागे घेत होता. आरशात काही नाही, मागच्या काचेत काही नाही. त्याने बाजूची काच खाली केली आणि त्याला कापडी पिशवी दिसली. पिशवी शेजारच्या आजींच्या हातात होती आणि त्या मागच्या चाकापासून दोन हातांवर उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी तो गाडी घेऊन आला आणि चारही काचा स्वतः साफ केल्या. डार्क मागणाऱ्या ग्राहकाला आता तोच समजावतो.

पुढच्या काचेवर काय असावं, काय नसावं

दोन गोष्टी तिथे असल्याच पाहिजेत. एक फास्टॅग, आतून, वरच्या बाजूला, आरशाच्या मागे चिकटवलेला. टोलवर हातात धरून दाखवायचा फास्टॅग आता चालत नाही. दुसरं, १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना आतून डाव्या कोपऱ्यात नंबराचं होलोग्राम स्टिकर. पेट्रोल आणि सीएनजीला फिकट निळं, डिझेलला केशरी. काच बदलली तर ही दोन्ही नवी घ्यावी लागतात, जुनी सोलून लावता येत नाहीत. काच बदलायला येताना हे लक्षात ठेवा, नाहीतर पुढच्याच टोलवर खोळंबा होतो.

बाकी जे काही तिथे आहे ते कमी करा. सोसायटीचा पास, क्लबचा पास, मुलांच्या शाळेचं स्टिकर, आरशाला लटकवलेली रुद्राक्षाची माळ. माळेत भक्ती आहे हे आम्हाला कळतं, पण ती प्रत्येक वळणाला डोळ्यांसमोर हलते. गणपतीची मूर्ती डॅशबोर्डवर मध्यभागी, खाली, छोटी ठेवा.

मोबाईलबद्दल जरा जास्त बोलायला हवं. स्टँड काचेच्या मधोमध लावून त्यावर मोबाईल आडवा ठेवण्याची पद्धत पडली आहे. मोबाईल १६ सेंटीमीटर लांब आणि डोळ्यांपासून ७० सेंटीमीटरवर असेल, तर वीस मीटर पुढचा पावणेतीन मीटरचा पट्टा दोन्ही डोळ्यांना दिसत नाही. त्यात अख्खी स्कूटर मावते. ताशी ४० च्या वेगाने ते वीस मीटर दोन सेकंदांच्या आत संपतात. स्टँड एसीच्या जाळीवर लावा. डॅशकॅम आरशाच्या मागे.

खिडकीच्या चुंबकाच्या जाळ्या आणि पडदे गाडी उभी असतानाच वापरा. चालत्या गाडीत काढून ठेवा.

थांबवलं तर

गाडी डावीकडे घ्या, चारही काचा खाली करा, रात्र असेल तर आतला दिवा लावा. गणवेशातल्या पोलिसाने मागितल्यावर लायसन्स दाखवणं बंधनकारक आहे. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली कागदपत्रं चालतात. आमचं मापाचं बिल ग्लव्हबॉक्समध्ये ठेवा आणि शांतपणे दाखवा. ते प्रत्येक ठिकाणी मान्य होईलच असा शब्द आम्ही देत नाही. सेंधवा ओलांडून धुळ्याकडे गेलात तरी नियम तोच आहे, फक्त तो बघणारी माणसं बदलतात.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ प्रमाणे पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत दंड, पुन्हा सापडलात तर १५०० पर्यंत. पैसे भरले तर पावती घ्याच. चालान मान्य नसेल तर न्यायालयात बाजू मांडता येते, रस्त्यावर आवाज चढवून काही मिळत नाही. व्हॉट्सॲपवर 'आपलं चालान' म्हणून एखादी फाईल आली तर ती उघडू नका, बँकेतले पैसे जातात.

जुनी फिल्म काढायची असेल तर

ब्लेडने खरवडू नका. मागच्या काचेवर ज्या बारीक आडव्या रेघा दिसतात त्या दव घालवणाऱ्या तारा आहेत. ब्लेडचा एक ओरखडा बसला की त्या ओळीतली वीज तुटते आणि पावसाळ्यात तेवढा पट्टा धुरकट राहतो. आम्ही वाफ देऊन फिल्म एका अखंड तुकड्यात सोलतो आणि चिकटा साबणाच्या पाण्याने, प्लॅस्टिकच्या पातीने काढतो. मागच्या काचेला साधारण तास लागतो. घाई असेल त्या दिवशी हे काम आणू नका.

नवी फिल्म लावल्यावर चार दिवस काचा खाली करू नका, आतून पुसू नका. सुरुवातीला पाण्याचे छोटे फुगे दिसतील, ते उन्हात सुकतात. आठ दिवसांनीही दिसले तर गाडी परत आणा, पैसे न घेता दुरुस्त करून देऊ.

नुसतं माप घ्यायला आलात तर काही आकारत नाही. जुनी गाडी विकत घेत असाल तर सौदा पक्का होण्याआधी ती दुकानासमोर आणा, चारही काचा मोजून देऊ. येताना काचा पुसलेल्या असाव्यात. धूळ असली की मीटर आकडा कमी दाखवतो.