डिडिक्युरसची शेपटी आणि बॅटचं मिडल

व्हॉट्सअ‍ॅपवर परत तो फोटो आलाय, खड्ड्यात आडवा पडलेला अवाढव्य मानवी सांगाडा आणि खाली मजकूर "घटोत्कचाचा सांगाडा सापडला". हा फोटो 2002 साली एका फोटो एडिटिंगच्या स्पर्धेसाठी बनवलेला आहे हे आता बऱ्याच जणांना माहिती असतं, पण मला राग येतो तो वेगळ्याच कारणाने. मूळ फोटोतलं उत्खनन न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्कचं, 2000 सालचं, आणि तिथे खरोखर मॅस्टोडॉन निघाला होता, हत्तीचा नामशेष झालेला नातेवाईक! खऱ्या अजस्र प्राण्याच्या खड्ड्यात खोटा माणूस झोपवला आणि लोक त्याला हात जोडतायत.

खेळातही मला असंच काहीसं खुपतं. आमच्याकडे रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्सचा, म्हणजे फासे टाकत मिळून गोष्ट रचायच्या खेळाचा, डाव असतो आणि मी डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा आणि समोर प्राणी, राक्षस वगैरे आणून उभे करणारा. हिमयुगातले सस्तन प्राणी या खेळात पहिल्यापासून येतात, पण बहुतेक वेळा होतं काय की वाघाला लांब सुळे लावायचे, अस्वल दुप्पट करायचं, हिट पॉइंट (किती मार सोसेल तो आकडा) वाढवायचे, झालं. माझं म्हणणं असं की नियम त्या प्राण्याच्या हाडांतून निघायला पाहिजे, मग त्याच्या तोंडातून आग काढायची गरजच पडत नाही.

उदाहरण म्हणून माझा लाडका डिडिक्युरस घ्या. दक्षिण अमेरिकेतला, सुमारे दहा-बारा हजार वर्षांपूर्वीपर्यंत होता, वजन टनाच्या वर, पाठीवर हाडांच्या तुकड्यांची जोडून झालेली घुमटासारखी ढाल. दिसायला कोकणातलं खवले मांजर आठवतं पण त्याच्याशी नातं नाही, 2016 साली याच्या कवचातून डीएनए काढला तेव्हा पक्कं झालं की हा आर्माडिलोच्याच (अमेरिका खंडातला कवचवाला सस्तन प्राणी) घरातला. काही आर्माडिलो अंगाचा चेंडू करतात, याची ढाल कडक, त्यामुळे याला ते जमत नव्हतं. शेपटीचा अंगाजवळचा भाग लवचिक कड्यांचा, आणि शेवटचा मीटरभर भाग हाडं जोडून झालेला कडक दांडा, टोकाला फुगलेला, त्यावर खळगे, जिथे शिंगासारखे काटे बसलेले असावेत.

आता माझा आवडता भाग. क्रिकेट खेळलेल्या प्रत्येकाला माहितीये की बॉल मिडल झाला की हाताला काहीच कळत नाही आणि टोकाला लागला की हात झिणझिणतात (यात बॅटच्या थरथरण्याचाही वाटा असतो, ती गोष्ट निराळी). बॉल लागतो तेव्हा एकदम दोन गोष्टी होतात, अख्खी बॅट मागे ढकलली जाते आणि शिवाय ती स्वतःच्या गुरुत्वमध्याभोवती फिरते. ढकलण्यामुळे हँडल मागे जायला बघतं, फिरण्यामुळे पुढे यायला बघतं. बॉल गुरुत्वमध्याजवळ लागला तर ढकलणं जिंकतं, अगदी टोकाला लागला तर फिरणं जिंकतं, आणि मध्ये एक जागा अशी असते की दोन्ही बरोब्बर कटतात आणि हँडलच्या टोकाला धक्काच बसत नाही. हे आघातकेंद्र. गणितात, धरलेल्या टोकाभोवतीचं जडत्व आघूर्ण (वस्तू फिरवायला किती जड जाते त्याचं माप) भागिले (वस्तुमान गुणिले त्या टोकापासून गुरुत्वमध्याचं अंतर). सरळ फूटपट्टीसाठी उत्तर येतं दोन तृतीयांश, म्हणजे 30 सेंटिमीटरच्या पट्टीत 20 वर. एक टोक चिमटीत सैल लोंबतं धरा, पेनाने वेगवेगळ्या जागी टिचक्या मारा, 20 च्या आसपास चिमटीला धक्का सगळ्यात कमी कळेल. टोकाला वजन वाढवलं की ही जागा टोकाकडे सरकते.

2009 साली उरुग्वेतल्या ब्लांको आणि सहकाऱ्यांनी हेच गणित डिडिक्युरस आणि त्याच्या भाईबंदांच्या शेपट्यांना लावलं, आणि मोठ्या जातींमध्ये आघातकेंद्र जिथे आलं तिथेच जवळपास मोठ्या काट्यांची जागा! म्हणजे काटा लागला की शेपटीच्या मुळाशी असलेल्या सांध्यांवर ताण कमी, दुसरीकडे कुठे लागला तर तो धक्का स्वतःलाच. आणि मागे वळून इतकं अचूक मारायचं म्हणजे समोरचा बऱ्यापैकी जागेवर उभा पाहिजे, म्हणून ही शेपटी आपापसातल्या मारामारीसाठी असावी हे मला जास्त पटतं. असल्या फटक्यांनी पडले असावेत असे तडे कवचांवर सापडलेतही.

यातून नियम आपोआप निघतात. आर्मर क्लास (त्याला मार लागणं किती अवघड तो आकडा) भरपूर. शेपटीचं पूर्ण डॅमेज फक्त 10 फुटांवरच्या चौकोनात, 5 फुटांवर अर्धं, कारण तिथे दांड्याचा मधला भाग लागतो. हलत्या माणसावर मारताना डिसअ‍ॅडव्हान्टेज, म्हणजे फासा दोनदा टाकून कमी आकडा धरायचा. आणि डी20 वर, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर, 1 पडला तर डॅमेज त्याचं त्यालाच, असं दोनदा झालं की शेपटी निकामी.

मिनिएचर कुठून आणणार, नारळाची करवंटी पालथी घातली आणि खाली लाकडी डाव सरकवला, दांड्याचं टोक शेपटीसारखं बाहेर. नियम कोणाला सांगितले नव्हते. पहिला फटका पूर्ण बसला, दुसरा पण, आणि मग आमच्यातला जो सोसायटीच्या टीममध्ये ओपनिंग करतो त्याने करवंटीकडे बघून स्वतःची सोंगटी उचलली आणि डावाच्या दांड्याला चिकटून, पार करवंटीच्या कडेपाशी नेऊन ठेवली.