कुंडीच्या तळाशी खडे: खुलासा

कुंडीच्या तळाशी खडे किंवा विटांचे तुकडे घातले की पाण्याचा निचरा सुधारतो आणि मुळे कुजत नाहीत, असा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो पटतोही, कारण खड्यांच्या मोठ्या फटींतून पाणी झरझर वाहताना दिसते.

अडचण पाणी खड्यांपर्यंत पोहोचण्याच्या आधीच येते. मातीच्या बारीक छिद्रांत पाणी केशाकर्षणाने (बारीक जागेत पाणी ओढून धरणाऱ्या बलाने) धरून ठेवलेले असते. खालच्या मोठ्या फटींमध्ये ती ओढ नसते, त्यामुळे वरची माती जवळजवळ पूर्ण भिजेपर्यंत पाणी खड्यांत उतरतच नाही. माती जिथे संपते, तिथे हा ओला थर साचतो. खडे नसते तर तो कुंडीच्या तळाशी असता. खड्यांमुळे तो मुळांच्या आणखी जवळ येतो, शिवाय मातीची जागा घटते ती वेगळीच.

घरी पाहायचे असेल तर दोन पारदर्शक प्लास्टिकचे पेले घ्या. दोन्हींच्या बुडाला भोके पाडा. एकात नुसती कोरडी माती भरा, दुसऱ्यात खाली खडे आणि वर तीच माती. भरपूर पाणी घालून ठिबकणे थांबू द्या. दुसऱ्या पेल्यात गडद, ओला पट्टा खड्यांच्या अगदी वर दिसेल.

भोकातून माती वाहू नये म्हणून जाळीचा तुकडा ठेवायला हरकत नाही. निचरा मात्र मातीतच सुधारावा लागतो: परलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे दाणे) किंवा झाडाच्या सालीचे तुकडे संपूर्ण मिश्रणात मिसळा. उथळ कुंडीपेक्षा खोल कुंडीत मुळांना ओल्या थराच्या वर जास्त जागा मिळते.