नियमशास्त्र आणि पापाची जाणीव

मोशे या संदेष्ट्याच्या द्वारे यहुदी लोकांना मिळालेल्या नियमशास्त्रातून, विशेषतः दहा आज्ञांतून, माणसाला स्वतःच्या पापाची ओळख पटते, हा ख्रिस्ती धर्मविचारातला एक मूलभूत सिद्धांत आहे. त्याचा मुख्य आधार म्हणजे प्रेषित पौलाने रोममधील ख्रिस्ती लोकांना लिहिलेले, बायबलच्या नव्या करारातले रोमकरांस पत्र (इ. स. ५७ च्या सुमारास). नियम पाळून कोणी देवापुढे नीतिमान ठरत नाही, नियमाने पाप काय ते कळते एवढेच, असे पौल तिसऱ्या अध्यायात म्हणतो. पापासाठी त्याचा ग्रीक शब्द आहे ‘हमार्तिआ’, म्हणजे मुळात नेम चुकणे. मराठीत पाप म्हटले की पाठोपाठ पुण्य येते आणि दोन्हींचा जमाखर्च मांडला जातो. पौलाकडे अशी खातेवही नाही. इकडचा चुकलेला नेम तिकडच्या पुण्याईने भरून निघत नाही.

कल्पनेचे मूळ जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या ख्रिस्तपूर्व यहुदी भागात आहे. यहूदाचा राजा योशिया याच्या कारकिर्दीच्या अठराव्या वर्षी (इ. स. पू. ६२२ च्या सुमारास) यरुशलेमच्या मंदिराची डागडुजी चालू असताना हिल्किया याजकाला नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. शाफान चिटणिसाने तो राजाला वाचून दाखवला, तेव्हा राजाने शोकाने आपली वस्त्रे फाडली. राज्यात त्या दिवशी नवे काही घडले नव्हते. जे वर्षानुवर्षे चालत आले होते, त्याला पहिल्यांदाच पाप असे नाव मिळाले.

रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात पौल ही गोष्ट स्वतःच्या भाषेत सांगतो. ‘लोभ धरू नको’ असे नियमाने म्हटले नसते तर लोभ म्हणजे काय ते आपल्याला कळले नसते, असे तो लिहितो. उदाहरणाची निवड मार्मिक आहे. खून किंवा चोरी पंचांपुढे सिद्ध करता येते, लोभाला साक्षीदार मिळत नाही. ही आज्ञा माणसाला आत पाहायला लावते. (कॅथलिक आणि लूथरपंथी हिचे दोन भाग करून त्यांना नववी व दहावी म्हणतात, प्रॉटेस्टंटांपैकी सुधारित पंथीय ती एकच, दहावी मानतात.)

पुढे पौल आणखी अडचणीचे बोलतो: मनाईमुळे लोभ कळतोच, शिवाय चेवतोही. चौथ्या-पाचव्या शतकातील बिशप व धर्मपंडित ऑगस्टीनने आपल्या आत्मकथनात सोळाव्या वर्षी केलेली नासपतींची चोरी सांगितली आहे. फळे दिसायला बरी नव्हती आणि चवीलाही नव्हती. पोरांनी ती बहुतेक डुकरांपुढे टाकली. गोडी होती ती मनाईची. नुसता नियम पापाची वासना वाढवतो, ती बरी करायला देवाची कृपाच लागते, असा निष्कर्ष त्याने इ. स. ४१२ च्या सुमारास आत्मा व अक्षर या विषयावरील ग्रंथात काढला.

पौलाच्याच गलतीकरांस पत्रात नियमशास्त्राला ‘पायदागोगोस’ म्हटले आहे. मराठी बायबलमध्ये यासाठी ‘बालरक्षक’ हा शब्द येतो. हा शिक्षक नव्हे. मुलाला शाळेत नेणारा-आणणारा, त्याच्या वागण्यावर डोळा ठेवणारा घरचा गुलाम. मूल मोठे झाले की त्याचे काम संपते.

सोळाव्या शतकात, प्रॉटेस्टंट पंथ कॅथलिक चर्चपासून वेगळे झाले त्या धर्मसुधारणेच्या काळात, हा विचार ऐरणीवर आला. या चळवळीचा जर्मन प्रणेता मार्टिन लूथर याच्या लेखी नियम हा हातोडा होता: आपण धार्मिक आहोत ही घमेंड फोडल्याशिवाय शुभवर्तमान, म्हणजे ख्रिस्ताद्वारे तारण मिळते हा संदेश, आत शिरत नाही. त्याचाच सहकारी योहान अग्रिकोला म्हणू लागला की पश्चात्ताप शुभवर्तमानातूनच व्हावा, नियमाचे स्थान न्यायालयात. त्यावर १५३७ पासून लूथरने वादसभांसाठी विधाने लिहून त्याला उत्तर दिले. सुधारित पंथाचा अध्वर्यू कॅल्व्हिनने नियमाला आरसा म्हटले. चेहऱ्यावरचा डाग त्यात दिसतो, धुतला मात्र जात नाही. तरी त्याच्या मते नियमाचा प्रमुख उपयोग हा नव्हेच. श्रद्धावंताला रोजच्या वागणुकीत वाट दाखवणे हा होय. त्याच पंथाच्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकात, १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत, तिसराच प्रश्न आहे: तुला आपली दुर्दशा कशावरून कळते? उत्तर: देवाच्या नियमावरून.

कॅथलिक परंपरेत ही गोष्ट वादापेक्षा सवयीने टिकली. याजकापुढे पापे कबूल करण्याच्या पापनिवेदनाला, म्हणजे गोव्याच्या भाषेत कुमसाराला, जाण्यापूर्वी एकेक आज्ञा आठवून स्वतःला प्रश्न विचारायचे, ही विवेकतपासणीची रूढ पद्धत आहे. प्रथम कम्युनियनच्या, म्हणजे ख्रिस्तप्रसाद पहिल्यांदा घेण्याच्या विधीच्या तयारीत मुलांना ती शिकवली जाते.

विसाव्या शतकात या सर्व वाचनावरच प्रश्नचिन्ह उमटले. स्वीडिश अभ्यासक क्रिस्टर स्टेंडाल यांनी १९६३ च्या इंग्रजी निबंधात असे मत मांडले की अपराधभावाने पोळलेले मन लूथरचे आहे, पौलाच्या माथी ते नंतर मारले गेले. अमेरिकन अभ्यासक ई. पी. सँडर्स यांनी १९७७ मध्ये पौलाच्या काळातील यहुदी धर्माचे जे चित्र मांडले, त्यात नियमपालन ही तारण कमावण्याची धडपड नसून देवाशी आधीच झालेल्या कराराला दिलेला प्रतिसाद आहे. पारंपरिक बाजूचे पंडित रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायाकडे बोट दाखवतात. स्टेंडाल यांच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा फिलिप्पैकरांस पत्रात आहे. तिथे पौल आपल्या परूशी आयुष्याकडे, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातल्या दिवसांकडे, वळून पाहतो आणि नियमशास्त्रातील नीतिमत्त्वाच्या बाबतीत आपण निर्दोष होतो, असे सरळ लिहून मोकळा होतो.