अंदाजपत्रकाच्या आवृत्त्या (आर्थिक नियोजन सॉफ्टवेअर)

एकाच आर्थिक वर्षासाठी तयार केलेले आणि सॉफ्टवेअरमध्ये एकमेकांत न मिसळता ठेवलेले बजेटच्या आकड्यांचे संच. मूळ मंजूर बजेट, सुधारित अंदाज आणि कच्चा मसुदा या तीन आवृत्त्या बहुतेक कंपन्यांत असतात. सरकारी अर्थसंकल्पातही अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष रकमा वेगवेगळ्या रकान्यांत छापतात, ते आकडे एकमेकांत मिसळू नयेत म्हणूनच.

सॅप या मोठ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या कंट्रोलिंग (खर्च-नियंत्रण) विभागात आवृत्तीला तीन अक्षरी संकेत असतो. ००० मध्ये प्रत्यक्ष खर्च आणि मुख्य नियोजन राहते, पर्यायी नियोजनाला पुढचे संकेत देतात. कॉस्ट सेंटरचे (ज्याच्या नावावर खर्च नोंदतात त्या घटकाचे) नियोजन एका आवृत्तीतून दुसरीत उतरवायला केपी९७ ही आज्ञा (ट्रान्झॅक्शन कोड) आहे. टॅलीप्राइम या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बजेट हा स्वतंत्र मास्टर (कायमची मूळ नोंद) असतो, त्यामुळे त्याच कालावधीचे सुधारित बजेट वेगळ्या नावाने बनवतात. तिथे खर्चाच्या खात्यांना ‘नेट ट्रान्झॅक्शन्स’ (कालावधीतली निव्वळ उलाढाल) आणि बँकेसारख्या खात्यांना ‘क्लोजिंग बॅलन्स’ (अखेरची शिल्लक) हा प्रकार निवडावा लागतो.

क्रम ठरलेला आहे: मंजुरी मिळताच मूळ आवृत्ती लॉक करायची, तिची प्रत काढायची आणि बदल फक्त प्रतीत करायचे. समजा डिझेलचे वर्षाचे बजेट ४८ लाख आहे. सप्टेंबरअखेर २७ लाख खर्च झाले आणि उरलेल्या सहा महिन्यांना दरमहा ४ लाख धरले, तर ‘६+६’ अंदाज (सहा महिने प्रत्यक्ष, सहा महिने अंदाजी) ५१ लाखांचा होतो. हा आकडा मूळ बजेटवरच चढवला आणि वर्षअखेर ५१.५ लाख खर्च झाले, तर अहवालात तफावत अर्ध्या लाखाची दिसते. खरी तफावत साडेतीन लाखांची असते, आणि ती कुणालाच सापडत नाही.

लॉक लावूनही आकडे हलतात, आणि ही चूक सर्वांत उशिरा लक्षात येते. लॉक भरलेल्या आकड्यांना असते. डॉलरचा दर सगळ्या आवृत्त्यांना सामाईक असेल, तर दर ८४ वरून ८६ केल्यावर मूळ बजेटमधली आयातही रुपयांत वाढून बसते. म्हणून दर, पगारवाढीची टक्केवारी अशी गृहीतके आवृत्तीनिहाय साठवावीत. वर्षाच्या मध्यात कॉस्ट सेंटर एका विभागातून दुसऱ्यात हलवले, तरी जुन्या आवृत्तीच्या बेरजा अशाच बदलतात.

ॲनाप्लॅन या नियोजनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आवृत्तीला स्विचओव्हर तारीख देता येते. तिच्या आधीच्या महिन्यांत प्रत्यक्ष आकडे आपोआप दिसतात. महिन्याची खाती बंद होण्याआधीच ती तारीख पुढे सरकवली, तर अर्धवट नोंदलेला खर्च पूर्ण महिन्याचा धरला जातो आणि वर्षाचा अंदाज खोटाच कमी येतो.

नावात वर्ष, प्रकार आणि क्रमांक असावा, उदाहरणार्थ ‘२५-२६ सुधारित ०२’. ‘फायनल’ हा शब्द टाळलेला बरा. त्याच्यामागून ‘फायनल नवीन’ येतेच. रद्द झालेले मसुदे अहवालाच्या निवडयादीतून काढून टाकावेत, नाहीतर एखादा विभाग जुन्याच मसुद्यात आकडे भरत राहतो.