हँडलच्या डोक्यावरचा बोल्ट: जुन्या सायकलीत वेगळा, नव्यात वेगळा

नागपूरच्या फुटाळा तलावावर सकाळी चहावर एका पोराने विचारलं, भाऊ पुढचा ब्रेक मारला की हँडलपाशी खटखट होऊन राहिली, वरचा बोल्ट पार आवळून टाकला तरी जात नाही, काऊन? सायकल नवी गिअरवाली आणि बोल्ट आवळायचं ज्ञान बाबांच्या काळ्या सायकलवरचं. घोळ तिथंच आहे, दोन्हींत वर मधोमध एकच बोल्ट दिसतो पण काम साफ वेगळं.

जुन्या सायकलीत फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या) नळीला बाहेरून आटे असतात, त्यावर कप फिरवून छर्रे (बेअरिंगच्या गोळ्या) सेट करायचे आणि वरून नट मारून लॉक. हँडलचा दांडा नळीच्या आत उतरतो आणि वरचा लांब बोल्ट आवळला की खालचा कोन वर ओढला जाऊन दांडा आतून घट्ट बसतो. म्हणजे हा बोल्ट फक्त हँडल धरतो, छर्र्यांशी त्याचं देणंघेणं नाही. काढताना बोल्ट तीन-चार आटे ढिला करा आणि डोक्यावर लाकूड ठेवून हातोडीने हलकं ठोका, तेव्हा कोन सुटतो, नुसतं हँडल हिसकत बसलात तर संध्याकाळ होते. ग्रीस न लावता बसवलं असेल अन दोन-चार पावसाळे गेले असतील तर मग विसराच, गंजून एकजीव.

नवा प्रकार 1990 च्या दशकात डाया-कॉम्प कंपनीच्या अहेडसेट नावाच्या जोडणीमुळे पसरला. यात नळीला आटेच नाहीत, नळी सरळ वर येते आणि स्टेम, म्हणजे हँडल नळीला जोडणारा तुकडा, तिला बाहेरून पकडतं, बाजूच्या दोन बोल्टांनी. हँडल धरणारे तेच. वरचा बोल्ट नळीत ठोकलेल्या स्टार नटमध्ये (ताऱ्यासारख्या दात्यांनी आत अडकणारा नट) जातो आणि टोपी, स्टेम, रिंगा असं सगळं खाली दाबून बेअरिंगचा लूजपणा काढतो, बस.

आता बाजूचे बोल्ट टाईट असताना वरचा कितीही पिळा, स्टेम जागचं हलणारच नाही, फार तर स्टार नट वर सरकेल. या पोराने तेच केलं होतं. आधी बाजूचे ढिले, मग वरचा थोडा थोडा आवळत पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवायची, जोडावर बोट ठेवलं की खटखट कळते, ती गेली की थांबायचं, हँडल चाकाच्या लायनीत आणायचं आणि बाजूचे आळीपाळीने आवळायचे, बहुतेक स्टेमवर किती न्यूटन मीटर जोराने आवळायचं ते छापलेलंच असतं. सगळं एका एलन कीवर, जुन्याला दोन मोठे पाने लागतात.

एकाचं स्टेम दुसऱ्याला लागत नाही हां, जुन्याची नळी बहुतेक 1 इंच, नव्याची 1 इंच 1 सूत, म्हणजे 28.6 मिमी. मधे टाकायला अडॅप्टर मिळतो, पण मला ते जुगाडच वाटतं.

खटखट गेली तर पोरगं म्हणे आता हँडल जरा वर करून द्या. नळी आधीच कापलेली, रिंग टाकायला जागा नाही, म्हटलं स्टेम उलटं बसवून बघ. बाबांच्या सायकलीत हे दोन मिनिटांचं काम होतं.