प्रदूषण-निर्यात (खानदेश)

प्रदूषण-निर्यात : वस्तूचा किंवा सेवेचा उपभोग एका ठिकाणी घ्यायचा आणि तिच्या निर्मितीतली वा विल्हेवाटीतली घाण दुसऱ्या ठिकाणी सोडायची, अशी व्यवस्था. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या अभ्यासात हा विचार साधारण १९७० च्या दशकापासून मांडला जाऊ लागला. घातक कचऱ्याच्या देशादेशांतील वाहतुकीवर निर्बंध घालणारा बाझल करार १९८९ मध्ये झाला आणि १९९२ पासून अमलात आला. भारत त्याच वर्षी त्यात सहभागी झाला. संज्ञा देशांच्या सीमांसाठी घडली असली तरी शहर आणि लगतचे शिवार यांच्यातील व्यवहारालाही ती लागू पडते, असे मत अलीकडे पुढे आले असून येथे तेच ग्राह्य धरले आहे. खानदेशात ही संज्ञा सहसा कोणी वापरत नाही. ‘गावाबाहेर नेऊन टाकणे’ हा तिचा रूढ पर्याय.

व्याप्ती : काय बाहेर गेले आणि काय आत आले, हे खानदेशाची हद्द कोठे धरावी यावर अवलंबून असल्याने तो वाद येथे टाळता येत नाही. फारुकी राजवटीत बऱ्हाणपूर ही खानदेशाची राजधानी होती, आणि १६०१ मध्ये असीरगड पडल्यावर मोगल सुभ्याचे ठाणेही तेथेच राहिले. ब्रिटिश काळात मात्र बऱ्हाणपूर निमाडात (आजच्या मध्य प्रदेशात) गेले. मालेगाव, नांदगाव व बागलाण हा भाग १८६९ मध्ये नाशिक जिल्हा झाला तेव्हा खानदेशातून निघाला. उरलेल्या जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले. तेच पुढे जळगाव आणि धुळे. धुळ्यातून १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा झाला. प्रशासकीय व्याख्येनुसार आज हे तीन जिल्हे म्हणजे खानदेश. या व्याख्येत तापीतून बऱ्हाणपूरकडून येणारे सांडपाणी ‘आयात’ ठरते, कारण जळगाव जिल्ह्यातले हतनूर धरण त्या शहराच्या खालच्या अंगाला आहे. मालेगावचे सांडपाणी मोसम नदीवाटे गिरणेत जाते, पुढे गिरणा धरणात साठते आणि त्या धरणावर जळगाव जिल्ह्याचा मोठा भाग अवलंबून आहे. हीसुद्धा आयातच. ऐतिहासिक व्याख्या घेतली तर दोन्ही गोष्टी घरातल्या घरात राहतात. प्रस्तुत नोंदीचा कल तापी खोरे हे एकक मानण्याकडे आहे. मात्र मग प्रकाशे-सारंगखेड्याच्या पुढे उकाई व सुरतेकडे जाणारे पाणी खानदेशाची निर्यात म्हणून मोजावे लागते, आणि ही बाजू स्थानिक चर्चेत क्वचितच येते.

पूर्वस्थिती : जुन्या गावरचनेत पांढरीतला, म्हणजे वस्तीतला, केरकचरा उकिरड्यावर कुजत असे आणि उन्हाळ्यात, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास, गाडीने काळीत, म्हणजे शेतात, जात असे. नगरपालिका १८५० च्या २६ व्या कायद्याखाली बहुधा १८६० च्या दशकात येथे स्थापन झाल्या. धुळ्यासाठी १८६२ आणि जळगावसाठी १८६४ ही वर्षे सामान्यतः दिली जातात. मैल्यापासून केलेल्या सोनखताला शेतकरी पैसे मोजत, तेव्हा शहराची घाण बाहेर जाणे हा तोट्याचा व्यवहार नव्हता. आज भाजीपाल्याच्या देठांबरोबर शाम्पूच्या पुड्या, वेफर्सची पाकिटे आणि दुधाच्या पिशव्या येतात. त्यांचे खत होत नाही, आणि शेतकरी तो ढीग फुकटातही घेत नाही. हिवाळ्यातली शेतावरची भरीत-पार्टी हे याचे जवळचे उदाहरण. वांगी तुरीच्या काड्यांवर भाजली जातात, कळण्याच्या भाकरी घरून येतात. पूर्वी पंगत केळीच्या पानावर बसे आणि उठल्यावर ती पाने गुरे खात. आता चकचकीत कागदी पत्रावळी, प्लास्टिकचे पेले आणि पाण्याच्या बाटल्या बांधालगत पडून राहतात. राज्याने मार्च २०१८ मध्ये थर्मोकोलच्या ताटल्या आणि प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली, केंद्राने १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून टाकायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर. पिशव्यांपुरता काही महिने परिणाम दिसला.

पालिकेचा खर्च : येथे कराच्या इतिहासाचा एक धागा लक्षात घ्यावा लागतो. जकात असताना शहरात येणारा माल नाक्यावर मोजला जाई, म्हणजे उपभोग जितका वाढे तितके पालिकेचे उत्पन्न वाढे. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये गेली. महापालिकांमध्ये २०१० पासून टप्प्याटप्प्याने तिच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. पहिल्या काही महापालिकांत २००३ मध्ये स्थापन झालेली जळगाव महापालिका होती. एलबीटीही ऑगस्ट २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांसाठी उठला, आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला. आता माल आत येताना पालिका तो मोजत नाही. त्याचे वेष्टन बाहेर जाताना कचरा डेपोच्या वजनकाट्यावर मोजते आणि त्या वजनाचे पैसे कचरा उचलणाऱ्या मक्तेदाराला देते. उत्पन्न राज्याच्या नुकसानभरपाईवर व केंद्राच्या अनुदानावर येऊन ठेपले. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ च्या अनुदानात दहा लाखांखालील शहरांसाठी ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छता यांना बांधून दिली होती.

टनावर देयक ठरले की ओला, मातीमिश्रित कचरा मक्तेदाराला परवडतो आणि घराघरातून वेगळा केलेला, हलका सुका कचरा परवडत नाही. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी वर्गीकरण सक्तीचे केले. घंटागाडीला त्यासाठी दोन कप्पेही असतात. पण गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत मधली फळी कामाला येतेच असे नाही. महासभेतील आणि वृत्तपत्रांतील चर्चा मुख्यतः मक्त्याचा दर, गाड्यांची संख्या, मुदतवाढ आणि टक्केवारी यांवर होते. ढिगाखालून झिरपणारे काळे पाणी कोणाच्या विहिरीत उतरते हा प्रश्न आव्हाणे शिवारातील (जळगाव) किंवा वरखेडी रस्त्याच्या (धुळे) डेपोला आग लागली, धूर वस्तीत शिरला, म्हणजे मग पटलावर येतो. २०१६ च्या नियमांनुसार भरावभूमी, म्हणजे कचरा कायमचा पुरण्याची जागा, नदीपासून १०० मीटर आणि वस्ती व पिण्याच्या पाण्याच्या विहिरींपासून २०० मीटर दूर हवी होती. जागा शोधताना प्रत्यक्षात एक अलिखित अटही पाळली जाते : तिथल्या लोकांचे मत पालिकेच्या निवडणुकीत नसावे.

राख : परिमाणाने सर्वांत मोठी, तरी पालिकांच्या वादात नसलेली बाब म्हणजे भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक विद्युत केंद्राची राख. केंद्रात २१० मेगावॅटचा एक जुना संच आणि ५०० मेगावॅटचे दोन संच असून ६६० मेगावॅटच्या संचाची त्यांत अलीकडे भर पडली. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण साधारण ३० ते ४० टक्के असते. एक युनिट विजेला ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा धरला तर युनिटमागे सुमारे २०० ते २५० ग्रॅम राख उरते. ५०० मेगावॅटचा संच पूर्ण भाराने दिवसभर चालला तर १ कोटी २० लाख युनिट वीज तयार होते, म्हणजे अडीच-तीन हजार टन राख. तिचे दोन प्रकार. धुराबरोबर वर जाणारी बारीक राख सुमारे चार पंचमांश; ती विद्युतभारित पट्ट्यांवर पकडतात, तिथल्या बोलीत ‘ईएसपी’त. कोरडी मिळाल्यास ती सिमेंट कारखान्यांना व विटांना चालते. भट्टीच्या तळाची जाड राख पाण्यात कालवून नळाने वेल्हाळ्याच्या राखतळ्यात सोडतात. तळे सुकले आणि वारा सुटला की कपाशीच्या पानांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि पापडांवर करडा थर बसतो. राखेच्या वापराची पहिली केंद्रीय अधिसूचना १९९९ ची; ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने संपूर्ण राख वापरण्याचे बंधन मुदतीसह घातले. डंपरमधून राख नेणे हाही आता एक धंदा झाला आहे, आणि रस्त्यावर सांडणारी राख ही त्याची उपनिर्यात.

मुंबई-पुण्यात रात्रभर चालणारा दीड टनी एसी आठ-दहा युनिट घेतो. त्याची दोन किलोच्या आसपास राख खानदेशात राहते, अशी मांडणी केली जाते. ती ढोबळ आहे. वीज राज्याच्या जाळ्यात मिसळते आणि कोणते युनिट कोठले हे सांगता येत नाही. शिवाय मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा जळगाव-भुसावळची घरेही एसी लावतात. तरीही वापर पसरलेला आणि राख एका जागी साचलेली, इतका भाग वादातीत मानावा.

प्लास्टिक : उलट दिशेचा व्यवहारही येथे आहे. जळगावचा चटई उद्योग पॉलिप्रॉपिलीनवर चालतो आणि त्यात भंगारातून केलेला दाणा मोठ्या प्रमाणात वापरला जातो. मालेगावात भंगार प्लास्टिक दळून ‘गिट्टी’ करतात आणि तिच्यापासून पाइप बनवतात. चीनने २०१८ च्या आरंभी प्लास्टिक कचऱ्याची आयात थांबवल्यावर तो माल दक्षिण व आग्नेय आशियाकडे वळला. भारताने मार्च २०१९ मध्ये घन प्लास्टिक कचऱ्याच्या आयातीवर संपूर्ण बंदी घातली. दाणा-गिट्टीच्या धंद्याला पुनर्चक्रीकरण म्हणावे की दुसऱ्याच्या कचऱ्याचा स्वीकार, यावर मतभेद आहेत. धुणे, दळणे, वितळवणे या कामांत मजुराच्या नाकात जाणारा वास दोन्ही पक्षांना मान्य आहे. चटई विकली जाते देशभर. धुण्याचे पाणी गावातच राहते.

केळी : ‘जळगाव केळी’ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. निर्यातीच्या घडाला डाग चालत नाही, म्हणून रावेर-सावदा भागात घड बागेतच स्कर्टिंग बॅगेत, म्हणजे घडावर चढवायच्या प्लास्टिकच्या पिशवीत, झाकतात. फण्या धुऊन, खोक्यात भरून, शीतकंटेनरमधून आखाती देशांकडे जातात. खोड कापून शेतातच टाकले जाते. काहींचा धागा निघतो, बाकीचे कुजून जाते. बॅगा दोन-तीनदा वापरून फाटल्या की विहिरीजवळ गोळा करून पेटवतात.