नादाची जात: नारोशंकराच्या घंटेपासून गळ्यापर्यंत

पंचवटीच्या काठावरचं नारोशंकराचं देऊळ १७४७ सालचं, पण तिथली घंटा देवळाहून जुनी आहे. तिच्यावर १७२१ हे साल आहे. १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर मराठ्यांनी पोर्तुगीजांच्या घंटा उतरवून आणल्या आणि देवळांना वाहिल्या. एक भीमाशंकरला आहे, एक वाईजवळ मेणवलीला, आणि एक ही नाशिकची. आरतीच्या वेळी वाजते ती पितळी घंटा आणि चर्चसाठी ओतलेली ही घंटा एकाच सुरात वाजल्या असं समजा, तरी डोळे मिटून ओळखता येतील. कशावरून?

संगीताच्या परीक्षेला बसलेल्यांना या प्रश्नाचं नाव पाठ असतं. नादाची तीन लक्षणं: उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जात. तानपुरा, सनई आणि माणूस तिघेही एकच षड्ज, म्हणजे सा, लावतात, तरी तिघांचा नाद वेगळा कळतो, ती जात. या परीक्षा घेणारं अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ १९३१ मध्ये, विष्णु दिगंबर पलुस्करांच्या निधनानंतर उभं राहिलं. पलुस्करांची अखेरची वर्षं नाशिकच्या रामनाम आश्रमाशी जोडलेली होती. परीक्षेच्या वहीत जातीला जेमतेम दोन ओळी मिळतात. त्यांच्यामागचा शोध मात्र फार लांबचा आहे.

युरोपात १६३६ मध्ये मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने लिहून ठेवलं की एक तार छेडली तरी मूळ सुरामागे आणखी वरचे सूर ऐकू येतात. तार एकाच वेळी अख्खी हलते, दोन भागांत हलते, तीन भागांतही हलते, हा खुलासा १७०१ च्या सुमारास जोसेफ सोव्हरने केला. या वरच्या सुरांना आपण उपस्वर म्हणू. हेरमान हेल्महोल्ट्झ हा शिक्षणाने डॉक्टर. त्याने पोकळ गोळे करून घेतले. गोळ्याचं टोक कानात बसवलं की ठरावीक एकच सूर आला तर तो घुमे, बाकीच्यांना दाद देत नसे. अशा गोळ्यांनी त्याने आवाज उपस्वर-उपस्वर करून वेगळे काढले आणि १८६३ मध्ये मांडलं की नादाची जात म्हणजे त्यात कोणता उपस्वर किती जोरात आहे याचा हिशेब. बासरीत वरचे उपस्वर क्षीण असतात, म्हणून ती मऊ. सनईत ते भरपूर, म्हणून ती मांडवापलीकडे पोचते. नाद सुरू होतानाचा क्षणही महत्त्वाचा असतो, हे पुढे कळलं. तारेवरची नखी किंवा फुंकरीची पहिली सळसळ कापून टाकली तर ओळखीची वाद्यंही ओळखायला अवघड जातात.

तारेचे उपस्वर दुप्पट, तिप्पट, चौपट अशा सरळ पटींत असतात. घंटेचं तसं नाही. युरोपीय घाटाच्या घंटेत मूळ सुरासोबत कोमल गंधार ठळक असतो, आणि तिच्या टोलाला लागलेली हुरहुर बहुधा त्याचीच. आणखी नवलाची गोष्ट अशी की टोल ऐकून आपण जो सूर गुणगुणतो, तो घंटेच्या कुठल्याही एका कंपनातून थेट आलेला नसतो. वरचे काही उपस्वर साधारण २:३:४ या नात्यात असतात, त्यांवरून खालचा सूर कान स्वतः ठरवतो.

या सगळ्या इतिहासात मला सर्वांत मोलाची वाटते ती तबल्याची शाई, म्हणजे त्याच्या कातड्यावरचा काळा गोल लेप. साधं गोल कातडं ताणून वाजवलं तर त्याचे सूर मूळ सुराच्या १.५९, २.१४, २.३० पट असे वेडेवाकडे येतात. ताशाचा तडतडाट अंगावर येतो, पण त्याला षड्ज विचारता येत नाही, तो यामुळेच. आपल्याकडे वाद्य करणाऱ्यांनी त्या कातड्यालाच वळण लावलं. भरताच्या नाट्यशास्त्रात कमळाच्या पानांवर पडणाऱ्या पावसाच्या थेंबांवरून स्वातीला वाद्य सुचल्याची कथा आहे. त्याच भागात चामड्यावर नदीकाठच्या काळसर मातीचा लेप देऊन सूर मिळवायला सांगितलं आहे. पखवाजाच्या डाव्या तोंडाला आजही कणीक लावतात. तबल्यावर शाई थरावर थर देऊन, प्रत्येक थर घोटून चढवतात. मधे जाड, कडेला पातळ.

हे थर नेमकं काय करतात ते चंद्रशेखर वेंकट रामन यांनी दाखवलं. १९२० मध्ये त्यांनी शिवकाली कुमार यांच्यासोबत 'नेचर'मध्ये लिहिलं आणि १९३४ मध्ये सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. पुडीवर, म्हणजे वाद्याच्या ताणलेल्या कातड्यावर, बारीक वाळू भुरभुरून, ती कुठे स्थिर राहते ते पाहून त्यांनी एकेक कंपन वेगळं केलं. शाईच्या वजनामुळे कातड्याची नऊ कंपनं सरकून १, २, ३, ४, ५ अशा पाचच सुरांत गोळा होतात. म्हणजे कातडं तारेसारखं बोलू लागतं. हे कोणी गणित मांडून केलं नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या घोटून, ऐकून, खरवडून, पुन्हा घोटून ते साधलं होतं.

तानपुऱ्याचीही तीच गोष्ट. ज्या जागी तार छेडावी, तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असेल तो उमटू नये, असा नियम होता. १९२१ मध्ये रामन यांनी नोंदवलं की तानपुरा हा नियम मोडतो. तार जिच्यावर टेकते त्या घोडीच्या किंचित गोलसर पाठीला ती पुन्हा पुन्हा स्पर्श करते आणि नसलेले उपस्वर जागे होतात. जवारी लागते ती हीच. घोडीवर तारेखाली घातलेला दोरा केसभर सरकवला की मूळ सुराच्या पाचपट असलेला उपस्वर, म्हणजे गवयांचा स्वयंभू गंधार, झळकू लागतो.

राहिला गळा. नाशिकजवळचं सिन्नर ही यादवांची आधीची राजधानी. पुढे ते देवगिरीला गेले, आणि तिथे तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकर लिहिला. त्यात 'शारीर' हा शब्द आहे: अभ्यासाशिवाय, देहासोबतच आलेला गाण्याचा गुण. गळ्याच्या आत डोकावणं जमलं ते मात्र १८५४ मध्ये. मॅन्युएल गार्सिया या गाण्याच्या शिक्षकाने दंतवैद्याचा छोटा आरसा घशात धरून, त्यावर ऊन पाडून, स्वतःच्या स्वरतंतूंची उघडझाप पाहिली. स्वरतंतू देतात तो नुसता कच्चा माल. घसा, जीभ, टाळू, ओठ यांच्यामधली पोकळी काही उपस्वर उचलून धरते, काही दाबते. एकच षड्ज धरून 'आ'चा 'ई' करा. सूर हलत नाही, जीभ पुढे येते आणि नाद बदलतो. ही पोकळी प्रत्येकाची थोडी वेगळी असते.

जुना टेलिफोन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा पुढे पाठवत असे. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर १२० हर्ट्‌झच्या आसपास, म्हणजे तो तारेतून जातच नव्हता. तरी पलीकडे 'हॅलो' म्हटल्याबरोबर वडील आहेत की काका, हे मुलांना कळायचं आणि आवाज बारीक झाला असंही वाटायचं नाही. नसलेला मूळ सूर कान उपस्वरांवरून भरून काढायचा, घंटेच्या टोलाचा काढतो तसाच.